काढलास, मग दे

रशीद गेल्याचा फोन आला तेव्हा मी खताच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला माझा धारूरच्या किल्ल्यावरचा फोटो दाखवत होतो. काढलेला रशीदनेच. त्यात किल्ला नाही आणि मीही फारसा नाही. कोपऱ्यात माझा एक कान आहे, बाकी फोटोभर खालच्या घराच्या माळवदावर मिरच्या वाळत घालणारी बाई. गॉगल लावून, कमरेवर हात ठेवून मी बुरुजावर उन्हात तापत उभा होतो, आणि हे फळ. मी भडकलो तर म्हणाला, "कावून चिडतो बे? कान लई भारी आलाय." हे सांगत असतानाच फोन वाजला... मी फोन ठेवला तरी गिऱ्हाईक हसतच होतं.

त्याला आता काही आठवडे झाले, पण मला एका जागी बसवत नाही. दुकानात बसलो की उठतो, उठलो की मोटरसायकल काढतो, नाक्यापर्यंत जाऊन परत येतो. मागून कुणी "हळू बे, नाटक्या" म्हणत नाही, म्हणून वेग वाढतो, आणि वाढला की माझीच मला भीती वाटते. त्यात रशीदच्या घरी शाहीनवहिनींना भेटायला गेलो, तर त्यांनी रशीदचा मोबाइल माझ्या हातात ठेवला. "सिरसाळ्याकडच्या मावशीचा फोटो द्यायचा राहिला, भाऊ. दवाखान्यातबी तेच बोलत होते. तेवढा पोचवा." झालं. उरलीसुरली झोपही गेली.

रशीद फळांचा व्यापारी. सीताफळं, मोसंबी बघायला जिल्हाभर हिंडायचा. मी गावच्या नाटकात राजा व्हायचो म्हणून त्याचा नाटक्या, आणि फुकटचा ड्रायव्हर. कपिलधारला सगळे धबधब्याकडे मोबाइल धरून उभे असतात. हा धबधब्याकडे पाठ करून भिजलेल्या माणसांची तोंडं बघत बसायचा. एकदा धारूरच्या बाजारात त्याने एका आजीला रीतसर विचारून फोटो काढला. "काढला बघा, आजी." आजीने हात पुढे केला. "काढलास ना? मग दे." काढला म्हणजे बाहेर आला, असं तिचं सरळ गणित. मी पोट धरून हसलो. रशीद हसला नाही. पुढच्या बाजाराला छापून घेऊन गेला, आणि तेव्हापासून ज्याचा फोटो काढायचा त्याला तो नेऊन द्यायचा, हा त्याचा नेमच झाला. त्यामुळे फोटो कमी झाले आणि बसणं वाढलं. परत यायचं म्हटल्यावर नाव, गाव, घर विचारणं आलं, चहा आला, लेकराबाळांची चौकशी आली. मी रस्त्यावर हॉर्न वाजवत थांबलेला.

दिवाळीनंतर सिरसाळ्याजवळच्या एका वस्तीवरून ऊसतोडीची टोळी निघाली होती. ट्रॉलीत भांडी, सरपण, बोचकी. सुभद्रामावशी नावाच्या म्हातारीने रशीदला थांबवलं. "भाऊ, माझ्या लेकीचा एक फोटू काढा. उन्हाळ्यापस्तोर दिसायची न्हाई आता." मी लगेच दिग्दर्शक झालो. लेकीला समोर उभं केलं, पदर सारखा करायला लावला, "इकडं बघ, हास जरा" म्हणत माझ्या मोबाइलवर झकास फोटो घेतला. रशीद कुठे होता, माझं लक्ष नव्हतं. निघताना तो एवढंच म्हणाला, "काढला मावशी, आणून देतो."

त्याच्या मोबाइलमधला तो फोटो पाहून मी हबकलो. मावशी खाली वाकून बोचक्याची गाठ आवळतेय, लेक ट्रॉलीतून तिच्याकडे बघतेय. चेहरा धड समोर नाही. फोटो पार खालून घेतलेला, म्हणजे हा चाकाशी उकिडवा बसला असणार, गुडघे दुखत असताना. मला वाटलं, गड्या, शेवटचा फोटो, आणि तोच चुकलास... मी दोन्ही फोटो छापून घेतले आणि माझा वर ठेवला.

मावशीने मला ओळखलं. माझ्या पाठीमागे बघत म्हणाली, "ते फळवाले भाऊ न्हाई आले?"

"गेले, मावशी. हृदयाचं दुखणं झालं."

ती उंबऱ्यावर बसली. मी पाकीट पुढे केलं. मी काढलेला फोटो बघून "ब्येस हाय" म्हणाली आणि मांडीखाली सारला. दुसरा डोळ्यांपाशी नेला.

"ही माझ्याकडं बघत होती व्हय?"

"हो."

"मी तं गाठ मारत होते. मला कुठं दिसलं."

मी तर शेजारीच उभा होतो. मलाही दिसलं नव्हतं.

तिने तो फोटो आत नेला आणि आपल्या बाजेसमोरच्या फळीवर, डब्याला टेकवून ठेवला. मी सवयीने पुढे झालो. म्हटलं, मावशी, इथं अंधार आहे, दाराजवळ लावू, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल.

"ऱ्हाऊ द्या तिथंच," ती म्हणाली. "तिला मी दिसायला पायजे."