अध्यक्षपदाची पाळी

शांभवीबाईंना खुर्ची मिळाली त्या दिवशी गावात नादस्वरम् वाजलं होतं. आता आठवलं की त्यांना लाज वाटते, पण तेव्हा त्याही फुलून गेल्या होत्या, खोटं कशाला बोला.

तंजावूर शहर आणि आजूबाजूची सात लहान गावं, अशा आठ पंचायती-नगरपालिकांच्या मालकीची ही पाण्याची कंपनी. मालक सगळेच, म्हणून अध्यक्षपद दरवर्षी पाळीपाळीनं फिरतं. शांभवीबाईंचं गाव नळाच्या अगदी शेवटच्या टोकाला. शहराच्या टाक्या भरून उरलं तर यांच्याकडे पाणी, तेही एक दिवसाआड. निवृत्त शिक्षिका असलेल्या बाई पंचायतीवर निवडून आल्या आणि गावानं त्यांना कंपनीवर पाठवलं ते याचसाठी, की निदान मत तरी आपलं हवं.

मग गावाची पहिलीच पाळी आली. नको असेल तर ती पुढच्याला देता येत होती, आणि पुढची पाळी शहराची होती. शहराचे प्रतिनिधी व्यंकटरमण मोठ्या नम्रपणे म्हणाले, "तुमचा मान तुम्ही घ्या अम्मा. आम्ही आड येणार नाही." एवढा साळसूदपणा पाहून तरी बाईंनी सावध व्हायचं! पण गावातली जुनी मराठी घरं हरखून गेली होती. इतक्या वर्षांत आपल्या गावाला कुणी वरच्या जागी बसवलं होतं? शाल आली, हार आला, फोटो निघाले. अध्यक्षाला मत नसतं, हे बाईंनी वाचलं होतं. तरी त्या बसल्या. वर बसलेल्या माणसाचं कोण ऐकणार नाही, असं त्यांना वाटलं, आणि गावालाही तसंच वाटलं.

उन्हाळा तोंडावर आला तसा व्यंकटरमणांनी ठराव आणला: पावसाळ्यापर्यंत टोकाच्या गावाची लाइन बंद, ते पाणी शहराच्या नव्या वसाहतींना, गावाला टँकर. बाई कळवळून बोलल्या. बाळंतिणींचं सांगितलं, म्हाताऱ्यांचं सांगितलं, गेल्या वर्षी टँकर कसे वाटेतच रिकामे व्हायचे तेही सांगितलं. कंपनीचे मॅनेजर मणी हळूच कानाशी आले. "अम्मा, अध्यक्षांनी चर्चेत बाजू घ्यायची नसते. नियम आहे." बाईंनी ठराव मताला टाकला. शाळेत जन्मभर त्यांनीच नियम शिकवले होते.

हात वर झाले. ठरावाच्या बाजूनं चार, विरुद्ध तीन. बाईंनी पुन्हा मोजले, जणू पुन्हा मोजल्यानं एखादा हात उगवणार होता. त्या खुर्चीत आज व्यंकटरमण असते, तर त्यांचा हात गेला असता आणि बाईंचा वर आला असता. ठराव तिथेच पडला असता. व्यंकटरमण खाली मान घालून कागद नीट लावत होते. त्यांच्यावर ओरडावं, खुर्ची सोडून निघून जावं, असं बाईंना फार वाटलं. पण निघून जाऊन तरी काय होणार होतं? सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, कारण निकाल अध्यक्षांनी सांगायचा असतो.

टाऊन बसनं त्या गावी परतल्या तेव्हा बातमी त्यांच्या आधीच पोचली होती. कोपऱ्यावरच्या नळापाशी बायका कुडम घेऊन उभ्या होत्या, उद्यापासून बंद म्हणून आजच भरून घ्यायला. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. तसं झालं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं. शेजारच्या भवानीनं कुडम कमरेवरून खाली ठेवला.

"अक्का, मोठ्या खुर्चीवर तूंच होतीस की. मत नाही तर नाही. आमच्यासाठी शेवटी एक शब्द बोलायाचं नव्हतं?"

"बोलले की," शांभवीबाई म्हणाल्या. "शेवटचा शब्द मीच बोलले. मंजूर."