दाजींचा अर्ध्या डोंगरावरचा मुक्काम

कुठलीही गोष्ट साधेपणानं करणं आमच्या दाजींना जन्मात जमलं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धर्मापुरीत त्यांचं किराणा दुकान. अर्धा किलो साखर दिली तरी पुड्याला तीनदा दोरा गुंडाळायचे. "रस्त्यात सुटली तर दुकानाचं नाव जातंय," असं वर ऐकवायचे. गावात केबल आली आणि त्यांनी परदेशातली माणसं खेचरांवर तंबू लादून डोंगर चढताना पाहिली. "आपल्याला बी डोंगर हाय की," ते म्हणाले, "खेचर न्हाई तर न्हाई, कुंभाराची दोन गाढवं हायत." दिवाळीनंतर चार दिवस माथ्यावर राहायचं ठरलं. सोबत मी, कारण बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणायची आमच्याकडं रीत नाही. दाजींनी दोन्ही गाढवांच्या गोण्या दुकानातल्या काट्यावर तोलल्या. एक बाजू जड झाली म्हणून मूठभर डाळ काढून दुसरीकडं घातली. ताडपत्री, स्टोव्ह, गाद्या, पाण्याचे कॅन, शिवाय दाढीचा आरसा. गाढवांबरोबर आलेले कुंभारबुवा सगळं न्याहाळून एवढंच म्हणाले, "शेट, डोंगरावर लगीन हाय का?"

अर्ध्या चढावर एक गाढव घसरलं आणि पुढचा पाय उचलून उभं राहिलं. बुवांनी पाय चाचपला. मोडला नव्हता, मुरगळला होता. मी म्हणालो, "दाजी, बुवा थांबतील याच्यापाशी. दुसऱ्यावर जमेल तेवढं लादून आपण जाऊ. माथा तासाभरावर आहे."

दाजींनी वर पाहिलं. तीन महिने त्यांनी दुसरा विषय काढला नव्हता. मग ते गोणीची दोरी सोडू लागले. "ज्याच्या जिवावर आलो ते हितं थांबलं. मुक्काम बी हितंच."

त्या उतारावरच ताडपत्री ताणली. रोज सकाळी आम्ही तिघंही झोपलो होतो त्या जागेच्या हातभर खाली सापडायचो. तीन दिवस दाजींनी मिठाच्या गरम पाण्यानं गाढवाचा पाय शेकला. माझ्या चहाला पाणी उरेना. "तू लंगडतोस का?" त्यांनी विचारलं. चौथ्या दिवशी गाढव चालू लागलं. त्याच्या पाठीवर काडीही ठेवू न देता दाजी डोक्यावर गादी घेऊन भर बाजारातून घरी आले. लोक हसले, दाजीही हसले.

पुढच्या वर्षी पुन्हा जायचं होतं. पण मला लांब नोकरी लागली, मग दाजींचे गुडघे धरले. परवा भेटलो तेव्हा ओट्यावर बसून ते डोंगराकडं पाहत होते. हळूच म्हणाले, "वर झाडं आसतील का रे?"