एका वेळी एकच बदल

सुखदेव रामटेके सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला 'जरा गोड लिहा' असे सुचवले आहे. प्रयत्न करीन, पण हमी देत नाही.

सरांची ओळख नागपुरातल्या आमच्या तंत्रनिकेतनात झाली. मी नवी अधिव्याख्याती, ते विभागप्रमुख. बुद्धिबळ खेळणारा संगणकाचा प्रोग्रॅम ते कित्येक वर्षे एकट्याने घडवत होते. मी त्यात राजावरच्या हल्ल्याला जास्त गुण देणाऱ्या चार ओळी घातल्या, दहापैकी आठ डाव जिंकून दाखवले आणि पेढे वाटले. सरांनी पेढा खाल्ला आणि जुनी व नवी आवृत्ती आठवडाभर एकमेकींविरुद्ध हजारो डाव खेळायला लावल्या. माझी नवी हरली. सर रागावले नाहीत. एका वेळी एकच बदल करायचा आणि पुरेशा डावांत टिकला तरच ठेवायचा, एवढेच त्यांनी सांगितले. प्रोग्रॅमची ताकद अशी तसूतसूने वाढली. पुढे माझे वडील इस्पितळात होते, तेव्हा माझी प्रात्यक्षिके सरांनी महिनाभर घेतली. मला ते विद्यार्थ्यांकडून कळले.

निवृत्तीनंतर सरांनी प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला. अट एकच होती, कर्त्याचे नाव पुसायचे नाही.

आता मुद्द्यावर येते. याच शहरातल्या, मुलांना बुद्धिबळ शिकवणाऱ्या एका संस्थेने गेल्या वर्षी 'संपूर्णपणे आम्हीच घडवलेला' बुद्धिबळाचा प्रोग्रॅम गाजावाजा करून सादर केला. मी तो धरमपेठेतल्या माझ्या घरी तपासला. शेवटी राजाशिवाय एक उंट आणि कडेचे प्यादे उरले, आणि प्यादे ज्या कोपऱ्यात पोहोचणार त्या घराच्या रंगाचा तो उंट नसला, तर डाव बरोबरीत सुटू शकतो. सरांच्या प्रोग्रॅमला हे पांढऱ्या बाजूने कळत असे. काळ्या बाजूने मात्र आपण जिंकतोच आहोत असे त्याला वाटे, कारण तिथे सरांनी कोपऱ्याचे घर चुकीचे लिहिले होते. संस्थेचा प्रोग्रॅमही नेमका काळ्या बाजूनेच चुकत होता. चोरांनी चूकसुद्धा झाडून नेली होती.

तक्रारीचा कागद लिहूनच मी तणतणत सरांकडे गेले. सगळे ऐकून ते कोपऱ्याचे घर दुरुस्त करायला बसले.

"सर, त्याहिनं तुमचं नाव पुसलं, अन् तुम्ही हे काय करून राहिले?"

"ते पाहू वं मंग. पहिले माही चूक सुधरवू दे. त्याहिचे पोरं तेच शिकून राहिले."

दुरुस्ती सरांनी नेहमीप्रमाणे खुली केली. चार दिवसांत ती संस्थेच्या प्रोग्रॅममध्येही दिसली, सरांच्या नावाशिवाय. कागदावर सरांनी सही केलीच नाही. हा त्यांचा मोठेपणा, असे अनेकांनी मला समजावले. मला तसे म्हणवत नाही. सरांच्या भिडस्तपणावर इतरांनी मिरवावे याचा मला संताप येतो, आणि त्यातला थोडा सरांवरही आहे.

येत्या समारंभात त्याच संस्थेचे अध्यक्ष सरांना शाल घालणार आहेत. म्हणून छापील स्वरूपात नोंदवून ठेवते. तो प्रोग्रॅम सुखदेव रामटेके यांचा आहे. संपादकांना हे वाक्य गाळायचे असेल तर त्यांनी सगळा लेखच गाळावा.

सर, तुम्ही ठणठणीत राहा, शंभरी गाठा. दर वर्षी तुमचा सत्कार होवो, आणि शाल घालणाऱ्याला दर वर्षी तुमच्या नजरेला नजर द्यावी लागो.