पाहुणेबुवा प्रवासी होतात

पडदा वर जातो तेव्हा समोर एक छोटीशी खोली आहे. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद. एकमेकांना खेटून दोन पलंग, भिंतीत एक गोल खिडकी आणि खिडकीभर पाणी. सकाळचे सात वाजलेत. एक साठीचा गृहस्थ आपल्याकडे पाठ करून वाकलाय आणि गादीखाली चादर खोचतोय. हाताची कड फिरवून तो सुरकुती काढतो, उशी दोनदा थोपटतो, वाळलेला टॉवेल तिघडी घालून दांडीवर टाकतो. बाथरूममध्ये पाण्याचा आवाज आहे, तिथे त्याची बायको आहे. आवाज थांबतो. गृहस्थ एकदा खोलीभर नजर फिरवतो आणि दार न वाजवता निघून जातो. बायको बाहेर येते तेव्हा खोली आरशासारखी लख्ख असते आणि खोलीत कुणी नसतं.

हा माणूस तीस वर्षं प्रवासी बोटींवर केबिन स्टुअर्ड होता. लोकांच्या खोल्या आवरणं हेच काम. दहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी. गल्लीत त्याला सगळे पाहुणेबुवा म्हणत. भाजीवाली सुद्धा एका दमात दोन प्रश्न विचारायची, "कधी आलात? कधी निघालात?" वर्षापूर्वी तो निवृत्त झाला आणि दुसरा प्रश्न विचारायचं कुणाला कारण उरलं नाही. सगळी अडचण तिथूनच सुरू झाली.

तीन महिन्यांपूर्वी बायको लेकीकडे राहायला गेली. नातीला सांभाळायला, असं सांगून. आता नात सकाळी आठला शाळेत जाते ती चारला येते. मधल्या वेळात तिथे कोण कुणाला सांभाळतं हे न कळण्याइतकं कुणी खुळं नव्हतं. शेवटी लेकीने बोटीच्या सहलीची तिकिटं काढली आणि बापासमोर ठेवली.

"सात दिवस. तुम्ही दोघं एका खोलीत, आम्ही तिघं शेजारी. शेवटच्या दिवशी आई ठरवेल, तुमच्याकडे परत यायचं की कायमचं आमच्याकडे राहायचं. तोवर कुणी विषय काढायचा नाही."

"बरं," पाहुणेबुवा म्हणाले.

ऐकून काय वाटलं, ते त्यांनी मनात शोधून पाहिलं. प्रवासी उतरून गेल्यावर आवरलेल्या खोलीचं दार उघडावं तसं झालं. आत सगळं स्वच्छ होतं. सापडण्यासारखं काही नव्हतं.

पहिल्या दिवशी मात्र त्यांना कंठ फुटला. बोटीचा विषय होता ना. चढायच्या रांगेतच त्यांनी सगळ्यांना धडे द्यायला घेतले.

"मोठ्या बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते. तेव्हा औषधं, पोहायचे कपडे आणि पोरीचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवा. खोलीच्या भिंती लोखंडी असतात, चुंबकाचे हुक आणलेत मी, टोप्या त्यावर अडकवायच्या. जेवायला जाताना आधी हात धुवायचे. ताट एकदाच डोंगराएवढं भरायचं नाही, हवं तर पुन्हा उठायचं. डेकवरच्या खुर्चीवर टॉवेल टाकून ती दिवसभर अडवून ठेवायची नाही."

"आणि श्वास घ्यायचा की त्यालाही रांग आहे?" लेक म्हणाली. जावई हसू दाबत बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. त्याच्या बुटांना नाडी नव्हती.

"धोक्याच्या भोंग्याची तालीम असते," पाहुणेबुवांनी नातीकडे मोर्चा वळवला, "तेव्हा खिदळायचं नाही. आणि हरवलीस तर शोधत फिरायचं नाही. मधल्या जिन्यापाशी मोठं घड्याळ आहे, तिथे उभं राहायचं. आम्ही येऊ."

"आजोबा, तुम्ही हरवलात तर?"

"मी कसा हरवेन? मला बोट पाठ आहे."

बायको पुढे बघत उभी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोळात त्यांना तिथली स्टुअर्ड भेटली. चाळिशीची बाई, ढकलगाडी भिंतीला लावून जणू त्यांचीच वाट बघत होती.

"काका, रागावणार नसाल तर बोलते. तुमच्या खोलीत मला आल्यापासून कामच मिळालेलं नाही. पलंग केलेला, टॉवेल घडी केलेले, कचऱ्याची पिशवीसुद्धा बदललेली. काल माझ्या गाडीतून तुम्ही पिशव्या घेतलेल्या आमच्या वरच्या बाईंनी बघितलं. मला विचारतायत, प्रवासी स्वतः झाडलोट का करतोय, तू जातेस की नाही त्या खोलीत?"

पाहुणेबुवा ओशाळले. "मीही याच धंद्यातला. म्हटलं तुमचा भार हलका होईल."

"ते कळलं हो मला. चादरीचा कोपरा बघितला तेव्हाच कळलं. पण तुमच्या वेळी एखाद्या प्रवाशाने असं केलं असतं, तर तुम्हाला झोप आली असती का?"

नसती आली. त्यांनी दोन्ही कान पकडले. बाई हसली, गाडी ढकलत पुढे गेली. ते वळले तर दारात बायको उभी होती. सगळं ऐकलेलं.

"आत या," ती म्हणाली.

ते आत आले आणि दाराशी उभे राहिले. नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवतात ते असं: पाहुणा बाहेर पडला की आत शिरायचं आणि तो परतायच्या आत निघायचं. आत असताना तो आलाच, तर बसायचं नाही. माणसाची सावली दिसता कामा नये, नुसतं काम दिसलं पाहिजे. तीस वर्षं ज्याने हे केलं त्याने घरी आल्यावर दुसरं काय करावं?

"त्या बाईला निदान त्रास झाला तर तक्रार करता येते," बायको म्हणाली. "मी कुणाकडे जाऊ? नऊ महिने बघितलं. डोळे उघडावेत तर शेजारचा पलंग सपाट. अंघोळ करून यावं तर चहा झाकून ठेवलेला. बाजारातून यावं तर फरशी पुसलेली आणि तुम्ही मागच्या अंगणात. तीस वर्षं एकटी राहिले, त्याचं मला काही नाही, सवय झाली. पण आता मी घरात राहते की लॉजवर, तेच कळत नाही."

पाहुणेबुवांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "काही कमी पडलं का?"

बायको हसली. ते हसू काही बरं नव्हतं. "बघा. हेच."

त्या दिवसापासून त्यांनी पलंगाला हात लावला नाही. सकाळी उठून खुर्चीत बसायचे, हात मांडीखाली धरून. समोर चादरीचा बोळा पडलेला असे. बायको उठायची, त्यांच्याकडे बघायची, मग खिडकीकडे बघायची. काय बोलावं हे ते आतून हुडकायचे आणि हाताला काही लागायचं नाही. दुःख नाही, राग नाही. पायाला मुंग्या आल्यावर पाय आपलाच आहे हे नुसतं बघून कळतं, तसं काहीतरी.

पाचव्या दिवशी दुपारी नातीने हट्ट धरला म्हणून त्यांनी टॉवेलचा हत्ती केला. दोन गुंडाळ्या, एक पीळ, वर कान. मिनिटभराचं काम. नात टाळ्या पिटत हत्ती घेऊन पळाली. लेक मात्र तिथेच बसून राहिली.

"मला नाही केलात कधी हत्ती."

"आपल्याकडचे टॉवेल पातळ होते," पाहुणेबुवा म्हणाले. "सोंड उभी राहत नाही."

"बाबा, एक विचारू? किती केले असतील आजवर?"

"रोजचे पंधरा-वीस. पोरं खूश होतात. एका खोलीत एक मुलगी होती, हत्ती उशाशी घेतल्याशिवाय झोपायची नाही. तिला अंधाराची भीती वाटायची, म्हणून बाथरूमचा दिवा मी चालू ठेवायचो."

"मलाही वाटायची," लेक म्हणाली.

त्यांना हे माहीत नव्हतं. लेकीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला, मग पोरीमागे गेली. हात उचलल्यावरही त्या जागेकडे ते बघत बसले.

सातव्या दिवशी संध्याकाळी बॅगा भरायच्या होत्या. उतरण्याच्या आदल्या संध्याकाळी मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवाव्या लागतात, बोटीवरची माणसं त्या खाली नेतात. म्हणून सकाळी घालायचे कपडे आधी बाजूला काढायचे, नाहीतर माणूस झोपायच्या कपड्यांत बंदरावर उतरतो. हे पाहुणेबुवांनी दोन्ही खोल्यांत जाऊन सांगितलं. लेक म्हणाली, "सांगितलंत ते बरं झालं, यांनी सगळं भरून कुलूप लावलं होतं."

इकडे परत आले तर बायको पलंगाच्या कडेला बसलेली. तिची बॅग बंद, वर बॅगेला बांधायची कोरी चिठ्ठी आणि पेन. या सहलीत सामान बंदरावरून थेट घरपोच होतं. चिठ्ठीवर नाव घालायचं, खाली पत्ता.

"लिहून घ्या," ती म्हणाली.

ते उभ्यानेच पेन उचलायला वाकले.

"बसून लिहा."

ते बसले. तिच्या शेजारी, चादर चुरगळत. चिठ्ठी गुडघ्यावर धरून त्यांनी तिचं नाव लिहिलं. अक्षर सुरेख, तीस वर्षं परक्यांच्या चिठ्ठ्या लिहून घोटलेलं. मग त्यांनी मान वर केली. पाहुणा सांगेल ते लिहायचं, ही रीत.

"माझ्याकडे काय बघताय? लेकीला मी सांगितलंय, मी ठरवणार नाही. आजवर तुम्ही जगाला विचारत आलात काय हवं, काय नको. आज मी विचारतेय. तिचा पत्ता लिहा नाहीतर दुसरा लिहा. पण लिहाल तो तुम्हाला हवा असला पाहिजे. मला खूश करायला नको."

खिडकीबाहेर पाणी मागे जात होतं. बोळात कुणाच्या तरी बॅगेची चाकं खडखडत गेली. पाहुणेबुवांनी पेन चिठ्ठीवर टेकवलं आणि ते तसंच राहिलं, शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. लेकीचा पत्ता त्यांना येत होता, तीन महिने त्या पत्त्यावर ते बायकोची औषधं पाठवत होते. दुसरा त्यांनी आयुष्यात कधी कुठे लिहिला नव्हता. घरी पत्र पाठवायची वेळ फोनने येऊ दिली नव्हती, आणि कागदपत्रांवर घालायचा असला की बायकोच घालायची. मध्ये गल्लीचं नाव बदललं, घरांचे नंबर बदलले, तेव्हाही ते बोटीवर होते.

बायको वाट बघत होती. तिने घाई केली नाही.

"मला आपला पत्ता पाठ नाही गं," ते म्हणाले. "तू सांग, मी लिहितो."