आंबेटेप मागास ठरलं तेव्हा

वाल्मिक आपल्या लेकीशी बोलत नव्हता, आणि आंबेटेपच्या कुत्र्यामांजरांनाही ते ठाऊक झालं होतं. लोधिवलीच्या अलीकडे जुन्या मुंबई-पुणे हायवेवरून आत वळलं की लागणारं हे गाव. इथं कुणाच्या घरी आमटीत मीठ जास्त पडलं तरी संध्याकाळी पारावर त्याची चर्चा होते.

कारण तसं सरळ होतं. लेक सुरभी डिप्लोमा शिकलेली, खोपोलीच्या कंपन्यांत दहाएक वर्षं राबलेली. आता तिला स्वतःचं वर्कशॉप काढायचं होतं. विजेच्या गाड्यांच्या चार्जरला पत्र्याची खोकी लागतात, ती बनवायची. गावाला लागूनच औद्योगिक वसाहत आहे, सुरभीच्या आजोबांचं शेतही त्या वसाहतीतच गेलेलं. तिथंच एखादा गाळा मिळावा म्हणून तिनं पुष्कळ खेटे घातले. पण सरकारच्या लेखी खालापूर तालुका आता विकसित, आणि विकसिताला सवलत कसली? शिवाय गोदामवाल्यांनी जागेचे भाव असे चढवून ठेवलेले, की लहान माणसानं नुसतं बघून घरी जावं. मराठवाड्यातल्या एका तालुक्यात मात्र जागा स्वस्त, विजेत सूट, कर काही वर्षं माफ. सुरभीनं तिकडे प्लॉट घेतला आणि बापाला म्हणाली, "आबा, भूमिपूजनाचा नारळ तुम्हीच फोडायचा."

"तू बी शेटच झालीस," वाल्मिक म्हणाला आणि उठून गोठ्याकडे गेला. गोठ्यात एकही जनावर उरलेलं नव्हतं, तरी गेला.

त्या घरात 'शेट' हा शब्द एवढा कडू का झाला, हे कळायला बरंच मागं जावं लागेल. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. तलाठ्यानं येऊन सांगितलं की सरकारनं आपला भाग उद्योगात मागास ठरवलाय, मोठा साहेब पाहणीला येतोय. गाव पेटलं. वाल्मिकचा बाप कोंडाजी तर पारावर चढून उभाच राहिला. "मागास कुनाला म्हंतो रं त्यो? आपल्या गावात शाळा हाय, तीन पोरं मॅट्रिक हायत, देवळाला कळस हाय! येऊ दे साहेबाला, दावतोच." मग काय विचारता! घरं सारवली, झाडांच्या बुंध्यांना चुना फासला, कर्जतहून बँड आणला. चौक गावच्या एका व्यापाऱ्याकडून दोन स्कूटर मागून आणून देवळापुढं लावल्या, जशा काही गावच्याच. साहेबाला बँडच्या गजरात उतरवलं, पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार सोडली. त्याचं जेवण होईस्तोवर कोंडाजी कसाबसा थांबला आणि हात जोडून म्हणाला, "बघा साहेब, दिसतोय का कुटं मागासपना?"

साहेब भला माणूस होता. हसता हसता त्याला ठसका लागला. "अहो कोंडाजीराव, ही शिवी नाही, सवलत आहे. मागास असलात तर इथं कारखाने येतील. हा थाट मी कागदावर घातला तर ते जातील दुसऱ्या तालुक्यात!"

पण कोंडाजी वस्ताद. "अस्सं व्हय? मंग लिवून घ्या साहेब. आमच्याइतकं मागास तुमाला दिवा घेऊन हुडकलं तरी गावायचं नाय. त्या स्कूटरी बी आमच्या नायत!"

असा कारखाना आला. मुंबईच्या शेटचा, वातीच्या स्टोव्हचा. रॉकेल रेशनवर देणारं सरकार, स्टोव्ह फक्त लहान कारखान्यांनीच बनवायचे असं ठरवणारं सरकार, आणि मागास तालुका म्हणून करात सूट देणारंही सरकारच. शेट हुशार होता यात वाद नाही, पण त्याच्या पाठीशी सटवाई नव्हे, मंत्रालय उभं होतं. कोंडाजीनं शेत दिलं, त्या बदल्यात वाल्मिक प्रेस मशीनवर लागला.

काय दिवस होते ते! पत्र्यावर प्रेसचा दणका बसला की पोटात गुदगुल्या व्हायच्या, असं वाल्मिक अजून सांगतो आणि सांगताना तळहात मांडीवर आपटतो. पहिल्याच आषाढात शेट मुंबईहून आला, तर कारखान्यात वॉचमनशिवाय चिटपाखरू नाही. सगळे कामगार भाताच्या लावणीला. शेट पाटलोण वर खोचून बांधापर्यंत गेला आणि ओरडायला लागला. कोंडाजी भावकीच्या खाचरातल्या चिखलातूनच म्हणाला, "शेट, मशीन थांबतं. रोप थांबत नाय." पुढच्या वर्षापासून फाटकावर पाटी लागू लागली, 'लावणीनिमित्त कारखाना बंद'. शेट स्वतः बांधावर जिलेबी पाठवायचा. खंडेनवमीला प्रेसवर झेंडूसोबत भाताच्या लोंब्या बांधायच्या, आणि कोंडाजी मशीनवर हात ठेवून म्हणायचा, "हितं आपली वडाखालची खाचरं व्हती बरं का." त्यात दुःख नसायचं. शेत आहे तिथंच आहे आणि आता ते बारमाही पिकतंय, असंच त्याला वाटायचं. त्या पगारावर वाल्मिकनं घर बांधलं, सुनंदाशी लग्न केलं, सुरभीला शिकवलं.

मग घरोघरी गॅस आला, स्टोव्हचा खप घटला. इकडच्या सवलतीची मुदत संपली, आणि सरकारनं उत्तरेकडच्या एका डोंगराळ राज्याला करमाफी दिली. शेटनं वाल्मिकला बोलावून सांगितलं, "तिकडे दहा वर्षं कर नाही. मी इथं राहून काय करू, तूच सांग." प्रेसचे बोल्ट वाल्मिकनं स्वतःच्या हातानं खोलले, मशीन ट्रकवर चढवून दिलं, आणि शेटला मनातून कायमचं उतरवून टाकलं. आता त्या जागी गोदाम आहे. पार्सलं येतात, पार्सलं जातात, बनत काहीच नाही. आणि आता पोटची पोरगीही तेच करायला निघाली होती.

आठवडाभर सुनंदानं हा अबोला सोसला. मग भाकरी थापता थापता म्हणाली, "नामामास्तर आठवतो का तुमाला?"

न आठवायला काय झालं? शेटचा मूळ कारखाना कुर्ल्याला होता. आंबेटेपच्या पोरांना प्रेस शिकवायला त्यानं तिथला नामा पाठवला होता. नामा वाल्मिकच्याच घरी जेवायचा. "बोटं सांभाळ," एवढंच त्याचं सदा सांगणं. वाल्मिकची दहाही बोटं शाबूत आहेत ती त्याच्यामुळं.

"पोरं शिकली आन् मास्तर माघारी गेला, तवा कुर्ल्याचं शटर उतरलेलं," सुनंदा म्हणाली. "त्याच्या पोटावर पाय आला तवा शेट तुमाला देवमानूस वाटला. आपल्याकडं आला त्यो चांगला, आन् आपल्याकडनं गेला त्यो वाईट? पोरीला कशाला बोल लावता?"

वाल्मिकनं हातातला घास ताटात ठेवला. नामाची आठवण त्याला कितीदा आली होती, पण पुढं नामानं काय खाल्लं असेल हे कधी मनातच आलं नव्हतं. बायकोचं बोलणं त्याला झोंबलं, कारण ते खरं होतं. हात धुऊन तो बाहेर आला. "सुरभे," तो म्हणाला, "गाडी किती वाजता हाय गं?"

मराठवाड्यातला तो माळ उघडाबोडका. पोचल्याबरोबर सुरभी उत्साहात दाखवत होती, "आबा, इथं पहिली शेड. आणि ती पलीकडची विहिरीची पट्टी आहे ना, ती मिळाली की दुसरी. पाणी आहे तिथं. ती नसेल तर पुढं वाढायला जागाच नाही."

वाल्मिकनं नारळ फोडला. पेढे वाटले. मग धोतर नेसलेला एक शेतकरी पुढं आला. प्लॉटची जमीन त्याचीच, वसाहतीत गेलेली, आणि विहिरीची पट्टीही त्याचीच, अजून हातात असलेली. "पाहुणे, तुमची बी जमीन अशीच गेल्ती म्हनं," तो म्हणाला. "ताई ही पट्टी बी मागत्यात. तुम्ही वडीलधारे हाव, खरं सांगा. चांगलं झालं का वाईट?"

सुरभी हातात पेढ्याचा खोका घेऊन बापाकडे बघत होती.

"चांगलं झालं," वाल्मिक म्हणाला. "लई चांगलं झालं. घर झालं, ही शिकली. पन सरकारनं दुसरीकडं बोलावलं आन् कारखाना गेला. माझी लेक वाईट नाय. पन हिला उद्या कोनी बोलावलं, तर ही बी जाईल. जावंच लागंल."

"मग पट्टी देऊ का नको?"

वाल्मिकला लेकीकडे बघवेना. त्यानं विहिरीकडे पाहिलं. "आमी सगळी दिली," तो म्हणाला. "तुमी ती ठेवा."