सेमी नको

माझं माहेर ठाण्याच्या नौपाड्यातलं. आमच्याकडे गाऱ्हाणं तोंडाने सांगायची पद्धतच नव्हती. नळाला पाणी कमी आलं की अर्ज, समोरच्या दवाखान्याच्या बोर्डाचा उजेड आमच्या खिडकीत आला की अर्ज, आणि अर्जाची पोच मिळाली की वडील त्या दिवशी दोन घास जास्त जेवायचे. त्यामुळे लग्न होऊन ठाकुर्लीला आले तेव्हा माझा स्वयंपाक यथातथाच होता, पण कुठलाही फॉर्म मी डोळे मिटून भरू शकत होते. पिस्तुलाचाही मी तसाच भरला.

पिस्तूल माझ्या सासऱ्यांना हवं होतं. त्यांना घरात सगळे दादा म्हणतात. माणसं इथलीच, पिढ्यान्‌पिढ्या भात लावणारी. आता त्या शेतांवर टॉवर उभे आहेत आणि टॉवरच्या सावलीत आमचा बंगला आहे. दादांच्या बरोबरीची मंडळी हळदीला पुढच्या सोफ्यावर बसायची आणि बसताना झब्बा असा सावरायची, की कमरेचं पिस्तूल सगळ्यांना दिसावं. परवान्याचं, रीतसर. दादांच्या कमरेला मोबाइलचं कव्हर होतं. एका हळदीत त्यांनीही तसाच झब्बा सावरला आणि नेमका तेव्हाच मोबाइल वाजला. आख्खा सोफा खो खो हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा प्यायच्या आधी दादा मला म्हणाले, "पोरी, फॉर्म भर."

मी बसले भरायला. पहिली पंचाईत झाली ती कारणाची. सोफ्यावर मान मिळावा हे कारण सरकारला चालत नाही, जीवाला धोका लागतो, आणि कुणापासून तेही लिहावं लागतं. दादा विचारात पडले. त्यांच्या वाईटावर असलेला माणूस काही केल्या सापडेना. शेवटी सासूबाई आतून म्हणाल्या, धाकट्याचं नाव टाक की, एवढं काय.

धाकटे म्हणजे दादांचे सख्खे भाऊ, आमचे काका. शेजारच्याच बंगल्यात राहतात. पाच वर्षांपूर्वी त्यांनी नवीन गेट बसवलं ते सामाईक वाटेत दीड फूट पुढे. त्यावरून बाचाबाची झाली, काका म्हणाले, बघून घेईन, आणि तेव्हापासून भाऊ भावाशी बोलत नव्हता. सासूबाई आणि काकू मात्र भिंतीवरून वालाच्या शेंगा आणि सुकटीचे डबे इकडून तिकडे करायच्या, आणि ते दोघांनाही माहीत होतं. दादा बराच वेळ त्या गेटकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, टाक. मी लिहिलं, "सख्ख्या भावाने बघून घेण्याची धमकी दिली असून अर्जदाराच्या जीवितास धोका संभवतो." संभवतो हा शब्द मला इतका आवडला की मी तो दोनदा वाचला.

मग प्रश्न आला पिस्तूल कुठल्या प्रकारचं. दादांच्या एका जिमवाल्या ओळखीच्याने त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की पिस्तुलं दोन प्रकारची, सेमी आणि फुल्ली ऑटोमॅटिक. हे ऐकताच सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी सात वर्षं सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन वापरलं होतं. एका टबातले ओले पिळे काढून दुसऱ्या टबात टाकता टाकता त्यांची कंबर गेली होती.

"सेमी घेऊ नका," त्या म्हणाल्या. "अर्धं काम आपल्यालाच करायला लागतं."

आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. दादांनी, माझ्या नवऱ्याने आणि पहिल्या वर्गात पास झालेल्या मीसुद्धा. फॉर्ममध्ये त्यासाठी वेगळी जागा नव्हती, म्हणून मी अक्कल लढवून एक पुरवणी पत्र जोडलं. अर्जदार ज्येष्ठ नागरिक असल्याने त्यांना फुल्ली ऑटोमॅटिक पिस्तूल सोयीचे पडेल, तरी त्याचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, असं त्यात लिहिलं. खाली दादांनी झोकात सही ठोकली.

तीन आठवड्यांनी पोलीस ठाण्यातून फोन आला. अर्जदाराने यावं, आणि अर्ज लिहिणाऱ्यानेही यावं. दादांनी कडक इस्त्रीचा झब्बा घातला. परवाना हातातच पडणार अशा थाटात आम्ही आत गेलो, आणि बाकावर काका बसलेले दिसले.

धोका ज्याच्यापासून आहे त्यालाही पोलीस बोलावतात, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. पाच वर्षांचा अबोला एक वेळ सुटला असता, भिंतीवरून डबे जातच होते. पण पोलिसांच्या कागदावर भावाचं नाव घातल्यावर तो कसा सुटणार? आणि ते नाव मी घातलं होतं.

साहेब वयाने दादांपेक्षा लहान, शांत आणि चष्मा लावणारे होते. त्यांनी आम्हा तिघांना समोर बसवलं आणि माझं पुरवणी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. सहानुभूतीपूर्वकपाशी ते थांबले आणि त्यांनी मला विचारलं, मॅडम, फुल्ली ऑटोमॅटिक म्हणजे काय ते माहीत आहे का तुम्हाला? मी म्हटलं, हो, म्हणजे, सगळं आपोआप होतं.

त्यांनी टेबलावरचा स्टेपलर उचलला. तुमच्या ओळखीच्यांच्या कमरेला असतं ते सेमी, म्हणाले. एकदा दाबलं की एक गोळी, परत दाबलं की परत एक. फुल्ली म्हणजे बोट दाबून धरलं की असतील नसतील तेवढ्या सगळ्या. एवढंसं हत्यार तेव्हा हातात राहत नाही, नळी वर वर जाते. पहिली गोळी लागली तर चोराला लागेल, दुसरी ट्यूबलाइटला, तिसरी पंख्याला, उरलेल्या छताला, आणि चोर बाजूला उभा राहून बघेल. परवान्यावर वर्षाला मोजक्याच गोळ्या मिळतात, त्या तुमच्या एका शिंकेत संपतील. मला पंख्याखाली उभा राहून बघणारा चोर दिसायला लागला आणि मी ओढणी तोंडात कोंबली.

मग ते कायद्यावर आले. हे बंदी असलेलं हत्यार आहे, साध्या माणसाला याचा परवाना मिळतच नाही. मागितलं म्हणून गुन्हा होत नाही, पण जवळ सापडलं तर कमीत कमी सात वर्षं आत. इथे दादांना वाटलं आपणही मदत करावी. ते अगदी भोळेपणाने म्हणाले की काही अडचण नाही साहेब, सेमीचाच परवाना द्या, आमचा जिमवाला एक छोटा पार्ट बसवून ते फुल्ली करून देतो बोलतोय.

साहेबांनी स्टेपलर खाली ठेवला.

"हे मी ऐकलं नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही नीट ऐका. बसवणारा आत जातो आणि बाळगणाराही. पार्ट छोटा म्हणून शिक्षा छोटी होत नाही."

दादा घामाने भिजले. साहेबांनी अर्जाचं पहिलं पान उघडलं आणि काकांना विचारलं की यात तुमचं नाव आहे, तुमच्यापासून यांच्या जीवाला धोका आहे म्हणून यांना असं हत्यार हवंय, तुमचं म्हणणं काय? काका इतका वेळ समोरच्या भिंतीकडे बघत होते. ते सावकाश दादांकडे वळले. पाच वर्षांनी त्यांनी भावाच्या तोंडाकडे बघितलं.

"दादा," ते म्हणाले, "मना मारायला एक गोळी नसती पुरली?"

दादांचा चेहरा पार उतरला. मग खाली मान घालून ते पुटपुटले, "मना वाटला, वॉशिंग मशीनसारखं असतंय."

मला हसू फुटलं. पोलीस ठाण्यात, दोन भावांच्या मध्ये बसून, भीती आणि लाज दोन्ही वाटत असताना मी फिसकन हसले. काकांनी माझ्याकडे रागाने बघितलं, आणि बघता बघता त्यांच्याच गालांना थरथर सुटली. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि दादा त्यांच्या पाठीवर थापट्या मारायला लागले. मारता मारता दादाही हसत होते आणि झब्ब्याच्या बाहीने डोळे पुसत होते. साहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी अर्ज मागे घेण्याचा कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

मी लिहिलं, दादांनी सही केली. मग दादांनी काकांच्या नावावर बोट ठेवलं आणि साहेबांना म्हणाले, हे खोडा. साहेब म्हणाले, ते आता खोडता येत नाही. सख्ख्या भावात वैर आणि शस्त्राची मागणी, अशी नोंद झाली आहे. यापुढे सणासुदीला, निवडणुकीला आमचा माणूस येऊन बघून जाणार. मी त्या रात्री जेवले नाही.

त्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी हवालदार आला. दोघांना एकत्र बघायचंय म्हणाला. नवरा धावत जाऊन काकांना घेऊन आला. दोघे भाऊ एका सोफ्यावर बसले, हवालदाराने वहीत सह्या घेतल्या, चहा झाला. हवालदार गेल्यावर काका लगेच उठले नाहीत, कप अर्धा होता. दिवाळीला तो परत आला, होळीला आला, निवडणुकीच्या आधी दोनदा आला. हळूहळू काका बोलावायची वाट न बघता सणाच्या आदल्या दिवशी दहाला हजर व्हायला लागले. सह्या झाल्यावर गुडघ्यांचं बोलणं व्हायचं, जुन्या बांधांचं व्हायचं. एकदा तर दोघांनी वर्तमानपत्र वाटून घेतलं. गेटचा विषय मात्र कुणी काढला नाही. ते अजून दीड फूट पुढेच आहे.

यंदा दिवाळीच्या आदल्या दिवशी काका आले, पण हवालदार आला नाही. अकरा वाजले, बारा वाजले. काका मधूनमधून फाटकाकडे बघत होते आणि उठू की नको अशा बेतात होते. एक वाजता मी दादांना बाजूला घेऊन हळूच म्हटलं, त्याची बदली झाली असेल, ठाण्यात फोन करून विचारू का?

दादांनी माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

"फोन नको, पोरी," ते म्हणाले. "आला नाय, म्हंजे अजून यायचा हाय."

मग त्यांनी आतमध्ये आवाज देऊन काकांचंही पान वाढायला सांगितलं.