पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचं डिझेल

बैलजोडी विकल्यापासून आमच्या घरी पोळ्याला ट्रॅक्टर सजतो. मामाजी, म्हणजे माझे सासरे, त्यात तसूभर कसर ठेवत नाहीत. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना चोळावं तसं मडगार्डांना हळद-तूप चोळून खांदशेकणी, पोळ्याच्या सकाळी विहिरीवरच्या मोटरचा पाइप लावून आंघोळ, मग गेरू, बेगड, माळा आणि शेवटी बॉनेटवर पुरणपोळी. मला हसू यायचं, पण त्यांच्यासमोर हसायची सोय नव्हती.

डिझेलचं खातं मात्र माझ्याकडे. नवरा शाळेत मास्तर, सकाळी गेला की दिवस मावळता परत. त्यामुळे कुठल्या पंपावरचं डिझेल आणायचं, कॅन आणल्यावर किती वेळ हलवायचा नाही, तळाचं डिझेल टाकीत का जाऊ द्यायचं नाही, हे सगळं मीच ठरवते. त्यात कोणी लुडबुड केली तर मला खपत नाही आणि मी तसं तोंडावर सांगते.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी पाऊस नुसता ठाण मांडून बसला होता. तिगावच्या बाजूला आमची संत्र्याची बाग आहे, तिथली कलमं मामाजींनी आपल्या हाताने लावलेली. आंबिया बहाराची हिरवी फळं देठाशी काळी पडून गळायला लागली. बुरशीचं औषध फवारायचं तर पानं कोरडी हवीत, आणि पाऊस उघडेना. पोळा झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं. संध्याकाळी पुन्हा पाऊस सांगितला होता. उरलेली फळं वाचवायला हातात होता तो तेवढाच दिवस. नवऱ्याला सुट्टी होती. त्याने फवारणीच्या ब्लोअरमध्ये औषध कालवलं आणि मी ट्रॅक्टर बागेत घातला.

बागेच्या मधोमध ट्रॅक्टर ठसकला, पांढरा धूर ओकला आणि बंद पडला. मी फिल्टरखालचा स्क्रू ढिला केला. डिझेल आलंच नाही, पाणी आलं. टाकीच्या झाकणाचं रबर झिजलेलं होतं आणि बैलाच्या पाठीवर सोडावा तसा मामाजींनी त्यावर पाइप सोडला होता. माझ्या मागोमाग बागेत आलेल्या मामाजींनाही ते कळलं. ते झाकणाकडे बघत उभे राहिले. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, पण त्यांचा चेहरा बघून मी जीभ आवरली.

फिल्टर भिजून वाया गेला होता. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे आमच्या बाजाराच्या गावी, पांढुर्ण्यात, गोटमार, नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारायची जत्रा. बाजार बंद, रस्ते माणसांनी भरलेले. शेवटी लांबच्या सौसर गावातल्या एका ओळखीच्या दुकानदाराने फिल्टर आहे म्हणून सांगितलं. नवरा मोटरसायकलला कॅन बांधून निघाला. येताना ताजं डिझेलही तिकडूनच आणायचं होतं.

मी टाकी उपसून कपड्याने पुसत बसले. तेवढ्यात मामाजींना बागेच्या कडेच्या शेडमधल्या ड्रमची आठवण झाली. उन्हाळ्यात सीमेपलीकडून, महाराष्ट्रातून स्वस्त पडतं म्हणून सगळ्या गावाने डिझेल आणलं, तसं आम्हीही आणून त्यात भरलं होतं. ड्रम उभाच ठेवलेला. शेडच्या गळक्या टिनाखाली त्याच्या डोक्यावर पाणी साचायचं आणि बुचातून आत ओढलं जायचं. मी काचेच्या बाटलीत थोडं काढून उन्हात धरलं. डिझेल धुरकट होतं, तळाशी शेवाळासारखे धागे तरंगत होते.

"टाक ना वं पोरी," मामाजी म्हणाले. "जुना फिल्टर वाळवून लाव. घंटाभर चालला तरी अर्धी बाग होते."

"मामाजी, हे टाकलं तर इंजिनचा पंप बसन. मंग आज बी नाही न उद्या बी नाही."

"उद्या कायले पाहिजे ट्रॅक्टर? उद्या झाडावर काय राहीन?"

तरी मी बाटली ओतून दिली. मामाजी झाडांखाली गेले आणि पडलेली फळं दुपट्ट्यात गोळा करायला लागले. कशासाठी, देव जाणे. वारा नव्हता तरी फळं पडत होती, कधी माझ्या मागे, कधी बाजूला. दुसरा कॅन घेऊन मी ड्रमपाशी गेले आणि रिकामीच परत आले. मग मला रडू फुटलं. हट्टापायी मी म्हाताऱ्याची बाग घालवते आहे असं वाटत होतं, आणि माझंच बरोबर आहे हेही पक्कं माहीत होतं.

नवऱ्याचा परतीच्या वाटेवरच्या मोहगाववरून फोन आला तेव्हा दुपार कलली होती. तो पोहोचताच नवा फिल्टर बसवला, डिझेल भरलं, अंगठा दुखेपर्यंत पंपाची कळ दाबून डिझेलच्या लाइनमधली हवा काढली. ट्रॅक्टर चालू झाला. काय सुरेख चालू झाला. एक ओळ झाली, दुसरी झाली, आणि तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी पाऊस आला. मी तशीच पुढे रेटत राहिले. औषध पानांवरून पांढरं होऊन खाली वाहत होतं, तरी मी थांबेना.

मामाजी भिजत ट्रॅक्टरपुढे येऊन उभे राहिले, तेव्हा मला थांबावं लागलं. नवऱ्याने ब्लोअर बंद केला. ट्रॅक्टर मात्र चालूच होता. ना धूर, ना ठसका. बंद करायला माझा हात उठेना.

मामाजींनी बॉनेटवर हात ठेवला. "बंद कर वं पोरी," ते म्हणाले. "चांगलं डिझेल हाय. कायले जाळून राहिली?"